पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून वजा करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मिरजेत राहता, विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत नोकरीला आहात, पगार ३४ हजार. पत्नी कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत हिशेब विभागात, पगार २२ हजार, नोकरीला साडेतीन वर्षं झाली. मुलगी सात महिन्यांची, पहिलीच. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा संपली, पत्नी महिन्याभरापूर्वी रुजू झाल्या. आई कवठेमहांकाळहून आल्यात, पण त्या कायमच्या राहू शकत नाहीत. घराजवळचं पाळणाघर ५,५०० सांगतंय, कुपवाड रस्त्यावरचं ६,२००, घरी सांभाळायला बाई ठेवली तर ११ हजार. तुम्ही खर्चाची यादी केलीत, ती १०,३०० वर गेली, आणि आता विचारताय की निम्मा पगार असाच जाणार असेल तर पत्नीने नोकरी सोडलेली बरी का, आणि सरकारकडून काही मदत मिळते का.

पगारपत्रकं, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी), ईएसआय (कामगार विमा) आणि रजांचे हिशेब हेच माझं रोजचं काम असल्याने हा प्रश्न वरचेवर समोर येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी वजाबाकी चुकीच्या ठिकाणी मांडलेली असते. मुलगी दोघांची आहे, फी मात्र आईच्या पगारातून वजा होते. वडिलांच्या ३४ हजारांतून ती वजा करून ‘आता माझ्याकडे २८ हजारच उरतात, मी घरी बसू का’ असं कुणी विचारत नाही. घरात एकूण ५६ हजार येतात, त्यातून हा खर्च जायचा आहे, एवढं आधी मान्य करा. मग बाकीचं सोपं होतं.

तरी तुमच्याच पद्धतीने, एकट्या त्यांच्या पगाराचा हिशेब करून बघू. तुमच्या यादीत फी ५,५००, पेट्रोल १,४००, डायपर आणि दूध पावडर २,२००, डबा आणि किरकोळ १,२०० असं आहे. डायपर आणि पावडर आधी काढून टाका. बाळ घरी असलं तरी ते लागणारच, त्यांचा नोकरीशी संबंध नाही. उलट एक गोष्ट तुम्ही धरलेली नाही. पाळणाघरात गेलेलं मूल पहिल्या वर्षात सारखं आजारी पडतं, सर्दी, ताप, जुलाब. रजा संपल्या की बिनपगारी दिवस सुरू होतात. महिन्याला एक धरा, २२ हजारांवर सुमारे ७३० रुपये. म्हणजे नोकरीमुळे होणारा खरा खर्च ८,८३०.

आता आवक. पगारपत्रकात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४ हजार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यावर १२ टक्के पीएफ १,६८०. महिलांना महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे तो कापला जात असेल तर कंपनीला विचारा. हातात २०,३२० येतात. त्यातून ८,८३० गेले की ११,४९० उरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार आत्ताच हातात राहतोय.

पण हाही पूर्ण आकडा नव्हे. नोकरी सुटली की त्यांचे स्वतःचे १,६८० साठायचे थांबतात, कंपनीचे तेवढेच १,६८० थांबतात (यातला मोठा हिस्सा पेन्शन खात्यात जातो, पण तोही त्यांचाच), आणि ग्रॅच्युइटी थांबते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांचे १५ भागिले २६, गुणिले वर्षं. १४ हजारांवर वर्षाला ८,०७७, महिन्याला साधारण ६७३. सगळं मिळवलं की महिन्याला साडेपंधरा हजार होतात. मुलगी तीन वर्षांची व्हायला २९ महिने आहेत. त्या काळाचे साडेचार लाख. नोकरी सोडण्याची किंमत ही आहे.

आणि एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग सेवा लागते. साडेतीन झाली, दीड बाकी. आज सोडली तर आतापर्यंत साठलेले सुमारे २८ हजारही हातचे जातात. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा सलग सेवेत धरली जाते, त्यामुळे ‘रजेमुळे वर्ष तुटलं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मंजूर केलेली बिनपगारी रजाही रजाच असते, तिच्यामुळे सेवा तुटत नाही; बिनमंजुरीच्या गैरहजेरीला कंपनीने सेवेतला खंड ठरवलं तर मात्र तुटू शकते.  मधला मार्ग म्हणून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागायचा विचार असेल तर ती लेखी मंजूर करून घ्या. 

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगते. मुलीला सततची वैद्यकीय देखरेख लागत असेल, किंवा पत्नीलाच आत्ता नोकरी नको असेल, तर वरचे आकडे बाजूला ठेवा. तो निर्णय पैशाचा नाही आणि त्याला हिशेबाचं निमित्तही लागत नाही. पत्नीचं काम टॅली, जीएसटी, टीडीएस अशा गोष्टींचं आहे. त्यात तीन वर्षांत फॉर्म आणि नियम बदलतात, परत येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा नव्याने सुरुवात करावी लागते. शिक्षिका किंवा नर्स असती तर माझा सूर एवढा ठाम नसता.

आता सरकारी मदत. निराश करणारं आधी सांगून टाकते. पाळणाघराच्या फीसाठी तुमच्या उत्पन्नगटाला रोख पैसे देणारी योजना नाही. लोक ज्या योजनांची नावं सुचवतात त्यांच्या अटी बघा. लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. मात्र ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेसाठी आहे आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख. तुमचं पावणेसात लाखांच्या घरात जातं. लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा. शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दुर्बल घटकात पुन्हा १ लाख.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पहिल्या बाळासाठी ५ हजार दोन हप्त्यांत, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार एकरकमी. उत्पन्नाची अट ८ लाखांपर्यंत असल्यामुळे तुम्ही बसता असं वाटतं. पण ज्यांना दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली प्रसूतीचा तसाच लाभ मिळाला आहे त्यांना ती नाही, आणि तुमच्या पत्नीला सव्वीस आठवड्यांचा पगार मिळालाय. अर्ज केला तर नाकारला जाईल, किंवा पैसे येऊन पुढे वसुली निघेल. ज्यांना पगारी रजा मिळालेली नाही, म्हणजे दुकानात, शिलाईकामाला, घरकामाला जाणाऱ्या, त्यांच्यासाठी मात्र हे पैसे आहेत आणि त्यांनी ते सोडू नयेत. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे भरता येतो.

अंगणवाडीत तुमच्या मुलीचं नाव मात्र नक्की घाला. उत्पन्नाची अट नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, दर महिन्याला वजन-उंची होते, आणि तीन वर्षांनंतर ती तिथे बसू शकते. ‘आपण नोकरदार, आपल्याला काय अंगणवाडी’ हा संकोच महागात पडतो, कारण तीन ते सहाचा काळ हा खर्चाचा दुसरा चढ आहे, त्यावर पुढे येते.

याशिवाय ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना २०२२ पासून आहे. जुन्या राजीव गांधी पाळणाघर योजनेचं हे पुढचं रूप. काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलं जातं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. तुमच्या भागात असं केंद्र आहे का हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. असलं तरी साडेसात तासांत आठ तासांची पाळी, जेवणाची सुट्टी आणि येण्याजाण्याचा वेळ बसत नाही, ही अडचण राहतेच. आजी किंवा शेजारीण वरचे दोन तास सांभाळणार असेल तरच ते उपयोगी.

मग मदत येणार कुठून? कंपनीकडून. तुमच्या प्रश्नात कंपनीचा उल्लेख फक्त पगारापुरता आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी रक्कम तिथेच अडकलेली आहे.

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, हे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद कायम आहे. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येऊ द्यायचं, त्यात विश्रांतीची वेळही धरलेली. संहितेत एक कामाची भर आहे. कंपनीने स्वतःचं पाळणाघर बांधायलाच हवं असं नाही. महापालिकेचं, खाजगी किंवा संस्थेचं सामाईक पाळणाघर वापरता येतं, किंवा चार-पाच कारखाने पैसे एकत्र करून एक चालवू शकतात. कुपवाडसारख्या वसाहतीत, जिथे एका कंपनीत लहान मुलांच्या आया दोन-तीनच असतात, तिथे हाच मार्ग व्यवहारात उतरतो.

व्यवस्थापक यावर ठरलेली दोन उत्तरं देतात. एक, ‘आपल्याकडे ३० बायका कुठे आहेत?’ ही जुन्या कारखाना कायद्याची अट, ३० हून जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर. ती अनेकांच्या डोक्यात अजून बसलेली आहे. आत्ताचा नियम एकूण कर्मचारी मोजतो, पुरुष धरून. दुसरं, ‘एकाच मुलासाठी कसं करायचं?’ कायदा मुलं मोजत नाही. पण हे उत्तर देणारा माणूस अगदीच चुकीचं बोलत नसतो. एका मुलासाठी खोली आणि दोन बायका ठेवणं त्याला परवडणार नाही. म्हणून मागणी खोलीची करू नका, बाहेरच्या पाळणाघराच्या फीची करा.

इथे कायद्यातली एक फट लक्षात घ्या. सोय करा असं कायदा सांगतो, बाहेरच्या पाळणाघराची फी पूर्ण कंपनीने भरावी असं त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. त्यामुळे फीचा मुद्दा बोलून ठरवायचा असतो. ५,५०० पैकी निम्मे मिळाले तरी वर्षाला ३३ हजार होतात, आणि निम्म्यावर तयार होणाऱ्या कंपन्या असतात. कारण हिशेबाचं काम जाणणारी बाई गेली तर नवी शोधून, शिकवून तयार करायला त्यांचे यापेक्षा जास्त पैसे जातात. तुमच्या पत्नी जीएसटीचे रिटर्न एकट्या भरत असतील तर त्यांची बाजू त्यांना वाटते त्याहून भक्कम आहे.

आधी आकडा पक्का करा. कंपनीत ५० जण आहेत का हे विचारत फिरायची गरज नाही. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधता येतं, तिथे दर महिन्याच्या भरण्यासमोर किती कर्मचाऱ्यांचा भरणा झाला तो आकडा दिसतो. तो ५० च्या वर असेल तर पत्र द्या. ५० च्या आत असेल तर कायद्याचा आधार घेऊ नका, विनंती म्हणूनच लिहा. बळ कमी होतं, शक्यता संपत नाही.

पत्र तोंडी बोलण्यानंतर द्यायचं, आधी नाही. साधं, चार ओळींचं:

‘माझी मुलगी सात महिन्यांची आहे. आपल्या आस्थापनेत पन्नासहून अधिक कर्मचारी असल्याने पाळणाघराची सोय अपेक्षित आहे. स्वतंत्र पाळणाघर उभारणं आत्ता शक्य नसल्यास, मी मुलीला ठेवत असलेल्या पाळणाघराची दरमहा रु. ५,५०० फी कंपनीने पावतीवर परत द्यावी, ही विनंती. तसेच मुलगी पंधरा महिन्यांची होईपर्यंत स्तनपानासाठीच्या दोन सुट्ट्या मला एकत्र करून संध्याकाळी कामाच्या शेवटी मिळाव्यात.’

धमकीची भाषा नको, कलमांचे क्रमांक नकोत. ईमेलने पाठवा म्हणजे तारीख राहते. शेवटच्या वाक्यातल्या सुट्ट्या हा वेगळा हक्क आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत विश्रांतीच्या वेळेखेरीज दिवसात दोन सुट्ट्या मिळतात, आणि त्याला ५० कर्मचाऱ्यांची अट नाही. त्या एकत्र करून रोज अर्धा तास लवकर निघणं हे कंपनीच्या संमतीनेच होतं, पण त्याचा फायदा थेट पैशात आहे. बरीच पाळणाघरं संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर जादा तासाचे पैसे लावतात आणि त्यात महिन्याकाठी पाचशे-सातशे रुपये सहज जातात.

घरून काम करण्याची मुभा हीही कायद्यात आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं जमलं तर. हिशेब विभागाला महिन्यातले चार-पाच दिवस ते सहज जमतं. मुलगी तापाने घरी आहे त्या दिवसांसाठी ही मुभा मागून ठेवा, म्हणजे वर धरलेला ७३० चा बिनपगारी दिवस वाचतो. बाळ मांडीवर घेऊन रोज आठ तास काम होत नाही, त्यामुळे पाळणाघराला पर्याय म्हणून ती मागू नका.

कामगार कार्यालयात तक्रार करता येते का? येते. पण तुम्हाला त्याच कंपनीत पुढची दीड वर्षं काढायची आहेत. पहिल्या पत्राला महिनाभर उत्तर आलं नाही तर आठवण, मग मालकांशी थेट बोलणं, तक्रार अगदी शेवटी.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत, त्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायची. त्यांना प्रसूती रजेचे पैसे कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं, पूर्ण सरासरी दैनिक वेतनाने. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान काळात मिळून ७० दिवसांचा भरणा लागतो. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मध्येच पगार २१ हजारांच्या वर गेला तरी चालू काळ संपेपर्यंत कपात चालू राहायला हवी. काही ठिकाणी पगारवाढ झाल्याबरोबर पुढच्याच महिन्यापासून कपात बंद करतात आणि ७० दिवस अपुरे पडतात. गरोदरपणात पगारवाढ झाली असेल तर पगाराची पावती तपासा.

आता दोन पाळणाघरांपैकी कुठलं. कुपवाड रस्त्यावरचं, म्हणजे कंपनीजवळचं, महिन्याला ७०० ने महाग. दुपारी अंगावर पाजणं चालू ठेवायचं असेल तर पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत तेच घ्या, आठ महिन्यांचे ५,६०० जास्त जातील आणि ते योग्य ठिकाणी जातील. मुलगी वरचं खायला लागली आहे आणि सकाळ-रात्र पाजणं पुरतंय असं असेल तर घराजवळचं. घराजवळ असलं की तुम्हीही आणायला जाऊ शकता, शेजारी जाऊ शकतात. एमआयडीसीजवळ असलं की आणणं कायमचं त्यांच्याच गळ्यात पडतं.

फीचा आकडा ऐकून थांबू नका, फीत काय नाही ते विचारा. अनामत किती आणि परत कधी. मूल महिनाभर गावी गेलं तर पूर्ण फी की निम्मी. दिवाळी आणि मे महिन्यात किती दिवस बंद, त्याचे पैसे कापतात का. रविवार सोडून दुसऱ्या दिवशी कंपनीची साप्ताहिक सुट्टी असेल तर रविवारी ठेवून घेतात का. ताप आला तर किती तापाला फोन करतात, औषध देतात की नाही. सांभाळणारी एक बाई किती तान्ह्या मुलांकडे बघते, मोठ्या मुलांसकट नव्हे, फक्त तान्ह्या. आणि दर महिन्याला छापील पावती, मुलीचं नाव आणि महिना घालून. पावतीशिवाय कंपनी परतफेड करणार नाही, आणि घरगुती पाळणाघरं पावतीला सर्रास टाळाटाळ करतात. फी ठरवतानाच हे बोलून घ्या.

सांगली-मिरजेत अजून एक प्रश्न विचारायचा असतो, तो बाहेरगावच्या कुठल्याही यादीत नसतो. कृष्णेचं पाणी. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पाळणाघराची इमारत उंचावर आहे का हे सगळेच बघतात. पण सांभाळणाऱ्या ताई कुठे राहतात हे कुणी विचारत नाही. त्या गावभागात किंवा कृष्णाघाटाकडे राहत असतील तर पाणी चढायला लागलं की त्या स्वतःचं सामान हलवण्यात असतात. पाळणाघर कोरडं असून बंद. ऑगस्टमध्ये आठवडाभर पर्यायी सोय लागेल हे धरून चाला.

तो पर्याय म्हणजे आई. त्यांना कायमचं आणण्यापेक्षा जून ते सप्टेंबर एवढंच मागा. साथीचे आजार त्याच काळात, पाणी त्याच काळात, आणि नव्याने पाळणाघरात जाणाऱ्या मुलाचं आजारपणही बहुतेक त्याच काळात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे पंधरा दिवसांनी कवठेमहांकाळला जाऊन येणं जड जात नाही. मात्र आजी म्हणजे फुकटची सोय, असा हिशेब करू नका. त्यांच्या औषधांचे आणि हातखर्चाचे दोन-अडीच हजार दर महिन्याला न मागता द्या, आणि त्या काळात पाळणाघर अर्धा दिवस चालू ठेवा. दिवसभर रांगतं मूल सांभाळणं पासष्टीनंतर झेपत नाही, मग एक दिवस त्या अचानक ‘मला गावी सोडा’ म्हणतात आणि तेव्हा पाळणाघरात जागा नसते.

घरी ११ हजारांची बाई हा पर्याय मी तुमच्यासाठी धरणार नाही. पैसे दुप्पट, आणि ती एक दिवस आली नाही की तुमच्यापैकी एकाची रजा. जुळी मुलं असती, किंवा मिरजेतल्या रुग्णालयात रात्रपाळी असती, तर गोष्ट वेगळी होती. रात्रपाळीला पाळणाघर उपयोगाचंच नाही.

तीन वर्षांनंतर खर्च कमी होईल असं बहुतेक जण गृहीत धरतात. होत नाही. बालवाडी दोन-तीन तासांची, तिची वेगळी फी, तिथून पाळणाघरात सोडायला रिक्षा, आणि उरलेल्या वेळेचं पाळणाघर. ही बेरीज बऱ्याचदा पूर्ण दिवसाच्या पाळणाघराहून जास्त होते. म्हणून वर अंगणवाडीचा आग्रह धरला. जवळची अंगणवाडी चांगली चालत असेल तर सकाळ तिथे, आहारही तिथेच, आणि दुपारपासून पाळणाघर. तिची फी शून्य असल्यामुळे हा दुसरा चढ बराच सपाट होतो. त्यासाठी सेविकेशी ओळख आत्तापासून हवी.

आता कराबद्दल थोडक्यात. नव्या करप्रणालीत तुमच्या दोघांच्याही पगारावर कर लागत नाही, त्यामुळे वजावट शोधण्यात अर्थ नाही. जास्त पगारवाल्यांनी जुनी प्रणाली निवडली असेल, तर ज्याला आपण ८०सी म्हणत आलो त्यात दोन मुलांची शिकवणी फी दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत बसते, अगदी प्लेग्रुप आणि नर्सरीचीही. फक्त सांभाळण्याची फी बसत नाही, आणि देणगी-विकास निधीही नाही. त्यामुळे एकाच जागी दोन्ही असेल तर पावत्या वेगळ्या घ्या. राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचारी मातांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून आहे. ती मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत वापरता येते, त्यामुळे पहिल्याच वर्षी संपवू नये.

हे सगळं बघूनही पत्नीने नोकरी सोडायचं ठरवलं, तर निदान सोडण्याची पद्धत नीट ठेवा. राजीनाम्याआधी शिल्लक रजांचे पैसे मिळतात का ते बघा, नोटीस पूर्ण करा, अनुभवाचं पत्र त्याच दिवशी घ्या. पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पैशावर कर लागू शकतो, आणि मुख्य म्हणजे पेन्शन खात्यातले पैसेही काढले तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांतली ही साडेतीन वर्षं पुसली जातात. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून पुढच्या नोकरीत खातं जोडलं की ती मोजली जातात. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर मात्र बदलू देऊ नका. तीन वर्षांनी परत येणाऱ्या बायकांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.